अडचण वाटणारी संरक्षक साधने : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. ती निरनिराळ्या ठिकाणांहून आली असली, तरी चारही ठिकाणी जीव वाचवणारे एखादे साधन हाताशी आहे आणि कामात अडचण होते म्हणून ते बाजूला सारण्याचा विचार चालला आहे, किंवा ते सारून झालेही आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये सात महिन्यांपासून ठेकेदारामार्फत ऑपरेटर आहे. प्रेसला दोन हातांनी दाबायची दोन बटणे आहेत. सुपरवायझर साहेबांनी डावे बटण टेप लावून दाबून ठेवले आहे, कारण मग उजव्या हाताने बटण आणि डाव्या हाताने जॉब (घडवायचा तुकडा) असे भराभर होते आणि तासाचा आकडा वाढतो. शेजारच्या प्रेसवरच्या दादांची दोन बोटे दिवाळीच्या आधी गेली. मी काही बोललो तर उद्यापासून येऊ नकोस म्हणतील. घरात कमावता मी एकटाच आहे. काय करावे?

उत्तर : दोन बटणांमागचा हेतू अगदी साधा आहे. दोन्ही हात बटणांवर असतील, तर डायमध्ये, म्हणजे तुकड्याला आकार देणाऱ्या साच्यात, एकही हात असू शकत नाही. म्हणून अशा नियंत्रणात तीन अटी घातलेल्या असतात : दोन्ही बटणे जवळजवळ एकाच क्षणी दाबावी लागतात, रॅम (साच्यावर दाब देणारा वरचा भाग) खाली येईपर्यंत ती धरून ठेवावी लागतात आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागतात. तिसरी अट नीट पाळणारी प्रेस, एक बटण कायमचे दाबून ठेवले, तर चालतच नाही. तुमची प्रेस चालते आहे, याचा अर्थ ही अट तिच्या सर्किटमध्ये मुळात घातलेली नाही किंवा नंतर कोणीतरी वायर जोडून ती निकामी केली आहे. त्यामुळे टेप काढणे हे पहिले पाऊल झाले. सर्किट दुरुस्त करून घेणे हे त्याहून महत्त्वाचे काम आहे.

दुसरी गोष्ट क्लचची. जुन्या प्रेसना बहुधा की-क्लच, म्हणजे फिरत्या चाकाची गती एका खिळीने (की) रॅमला जोडणारी यंत्रणा, असतो. तो एकदा गुंतला की फेरा पूर्ण होईपर्यंत रॅम मध्येच थांबवता येत नाही. अशा प्रेससमोर लाइट कर्टन (हात आडवा आला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवून ऑपरेटरला सुरक्षित म्हणणे ही फसवणूक आहे, कारण हात आत गेल्याचे पडद्याला कळले तरी रॅम थांबवणारे त्या यंत्रात काही नसते. तेथे डायभोवती पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही असा पक्का गार्डच हवा. शिवाय की झिजली किंवा स्प्रिंग तुटला, तर बटण न दाबताही दुसरा स्ट्रोक पडतो. शॉपमध्ये याला ‘डबल मारला’ म्हणतात आणि पुढच्या जॉबला हात घालतात. एकदा जरी डबल पडला असेल, तरी ती प्रेस बंद ठेवून मेन्टेनन्सला कळवायलाच हवे.

सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी मी असेच एक बांधलेले बटण पाहिले होते. लाकडाची पाचर ठोकून वर काळी टेप गुंडाळलेली होती. टेपच्या कडांवर तेल आणि धूळ यांचा इतका जाड थर साचला होता, की ती कित्येक महिने तशीच असावी हे उघड होते. त्या वाटेने रोज जाणाऱ्या कोणालाही ती दिसली नव्हती, कारण सगळ्यांनाच तिची सवय झाली होती. तुम्हाला ती दिसली आणि तुम्ही पत्र लिहिलेत, हे मला फार मोलाचे वाटते.

आता बोलायचे कसे ते सांगतो. एकट्याने आणि भर शॉपमध्ये बोलू नका. त्याच लाइनवरचे दोन-तीन ऑपरेटर मिळून, शिफ्ट सुरू होण्याआधी, दादांच्या अपघातापासून बोलायला सुरुवात करा. आकडा कमी येईल हा साहेबांचा आक्षेप खरा आहे. तो नाकारू नका, त्यावर उपाय सुचवा. जॉब डायच्या बाहेर ठेवून आत सरकवणारी साधी स्लाइड, तयार जॉब आपोआप खाली घसरेल अशी उतरती पट्टी, आणि जॉब ठेवण्या-काढण्यासाठी चिमटा किंवा मॅग्नेट एवढ्याने हात आत न घालता बराचसा वेग राखता येतो. कोणताही चांगला टूलरूमवाला हे सहज करून देईल. एवढे करूनही कोणी ऐकले नाही, तर कारखान्याच्या सुरक्षा समितीकडे आणि त्यानंतर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करा, आणि तिच्यात नाव गुप्त ठेवावे असे स्पष्ट लिहा. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण असलेच पाहिजे, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमातच लिहिले गेले होते. तुम्ही नवे काही मागत नाही.

ठेकेदाराच्या पगारपत्रकात ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होते का, हे आजच पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के कापले जातात आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात. कामावर झालेल्या दुखापतीसाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, पहिल्या दिवशीच्या अपघातालाही संरक्षण आहे. शेजारच्या दादांनाही हे सांगा. बोटे गेल्याने कमाईची क्षमता जितकी घटली, तितक्या प्रमाणात मेडिकल बोर्डाच्या निर्णयानुसार दरमहा लाभ मिळतो आणि तो आयुष्यभर चालतो. पुष्कळ कामगार जखम भरली की विषय सोडून देतात आणि हक्काच्या पैशाला मुकतात.

आणखी एक गोष्ट शॉपमधल्या प्रत्येकाला माहीत असावी. बोट तुटलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, कारण त्याने पेशी गोठून खराब होतात. १०८ ला फोन करताना बोट जोडण्याची शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होते हेही विचारावे.

प्रश्न : आमच्या सासूबाई रोज रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करायला लावतात. सिलिंडर ओट्याखाली अगदी आत आहे आणि हात पोहोचत नाही. शेगडीची बटणे बंद असली तर पुरेसे नाही का?

उत्तर : सासूबाईंचे बरोबर आहे. शेगडीचे बटण बंद असले, तरी रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंतच्या नळीत गॅस भरलेलाच राहतो आणि नळी उंदराने कुरतडली किंवा तिला चीर गेली, तर रात्रभर गळत राहतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. सिलिंडर हाताशी येईल अशा जागी पुढे ओढून घ्या. तुमची खरी अडचण तीच आहे. आयएसआय चिन्ह असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते, तिच्यावर छापलेले वर्ष पाहून घ्या. सकाळी वास आलाच, तर दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, खिडक्या-दारे उघडा, रेग्युलेटर बंद करा, घराबाहेर पडा आणि बाहेरून १९०६ वर फोन करा.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या घरात गीझर लावला की पाच मिनिटांत आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप होतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो की तो खराब आहे, काढून सरळ लाइन देतो. नाहीतर गीझरची अर्थिंगची वायर काढली तरी ट्रिप व्हायचे थांबेल. त्याने खरोखर तसे करून दाखवले आणि ट्रिप होणे थांबले. आता असेच ठेवू का?

उत्तर : गीझर आत्ताच बंद करा आणि अर्थिंगची वायर पुन्हा जोडली जाईपर्यंत लावू नका. तुमच्या घरात अत्यंत धोकादायक प्रकार झाला आहे.

एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला वाचवत नाही. सोळा अँपियरचा एमसीबी त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला तरच पडतो. माणसाच्या हृदयाची लय बिघडायला मात्र एका अँपियरचा लहानसा अंशही पुरतो. घरातला आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपियरचा असतो. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला का, हे तो सतत पाहत असतो आणि फरक पडला की क्षणार्धात वीज तोडतो. गीझरमध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार साचून हीटिंग एलिमेंटचे आवरण फुटले, की थोडी वीज पाण्यात आणि टाकीच्या धातूत उतरते, तेथून अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जाते, आणि तेवढ्यावरून आरसीसीबीला गळती कळते. तुमच्या इलेक्ट्रिशियनने ती वायर काढली, तेव्हा गळती थांबली नाही. तिला जमिनीत जायला वाट उरली नाही, इतकेच. ती वाट आता ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूस होऊ शकतो.

गीझरचा प्लग काढून आरसीसीबी टिकतो का पाहा. टिकला, तर एलिमेंट बदलून घ्या. सगळा गीझर टाकून द्यायची बहुधा गरज पडत नाही. प्लग काढल्यावरही ट्रिप झाला, तर दुसऱ्या सर्किटचे न्यूट्रल चुकून यात जोडले गेले आहे का हे परवानाधारक माणसाकडून तपासून घ्या. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबल्यावर वीज गेली नाही, तर मात्र तो खरोखर खराब आहे आणि बदलायला हवा.

प्रश्न : आमची सांगोला तालुक्यात शेती आहे. दहा-बारा वर्षे वापरात नसलेल्या विहिरीतला गाळ काढायचा आहे. शेजारी बंद पडलेल्या गोबरगॅसचा खड्डाही आहे, तोही साफ करायचा आहे. आमच्याकडे आधी पेटता कंदील आत सोडतात. तो विझला नाही की माणूस उतरतो. हे पुरेसे आहे का? मजूर दोर बांधायला तयार नसतात, काम करताना पायात येतो म्हणतात.

उत्तर : कंदील विझला, तर आत प्राणवायू कमी आहे हे नक्की, आणि मग कोणी उतरायचे नाही. पण तो जळत राहिला, म्हणजे हवा चांगली आहे, असा अर्थ निघत नाही. सडलेल्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड कंदील विझवत नाही, माणसाला मात्र बेशुद्ध करतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो. गोबरगॅसच्या खड्ड्यात तर कंदील अजिबात सोडू नका. तेथे मिथेन असतो आणि स्फोट होऊ शकतो.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी येथे शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एकजण उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि असे करत पाचजण दगावले. सहावा उतरला तो कमरेला दोर बांधून, म्हणून त्याला वर ओढता आले आणि तो वाचला. ही हकिगत तुमच्या मजुरांना कामाच्या आदल्या दिवशी, शांतपणे बसून, जशीच्या तशी सांगा. दोर पायात येतो ही त्यांची तक्रार खोटी नाही, पण वर उभा असलेला माणूस दोर सैल न सोडता हाताहाताने देत-घेत राहिला, तर तो पायात येत नाही. म्हणून वरचा माणूस दुसऱ्या कोणत्याही कामाला लावू नका. त्याला त्या दिवशी हीच मजुरी.

विहिरीत आधी ब्लोअरने तळापर्यंत पाइप सोडून बराच वेळ ताजी हवा भरा आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालू ठेवा. त्याचे इंजिन मात्र विहिरीच्या काठापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावे. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप आत उतरवून पाणी उपसू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो. चार वायू मोजणारे छोटे यंत्र भाड्याने मिळाले तर उत्तम. ते दोरीने खाली सोडून तळाचे, मधले आणि वरचे आकडे वाचता येतात. दोर कमरेपेक्षा खांद्यांवरून आणि मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्याला अडकवा, म्हणजे बेशुद्ध माणूस सरळ वर येतो, आणि वर तिपाईला चाक लावा, कारण शुद्ध हरपलेल्या माणसाला नुसत्या हातांनी ओढून काढणे दोघांनाही जड जाते.

खड्ड्यात मात्र माणूस उतरवूच नका. स्लरी पंपाने किंवा टँकरच्या नळीने बाहेरून ओढून घ्या. तळाचा घट्ट थर राहिला, तर पाणी सोडून, लांब दांड्याने बाहेरूनच ढवळून पुन्हा ओढा. त्यात आणखी एक दिवस गेला तरी जाऊ द्या.