घेवडा-टोमॅटोची भरपेट कोशिंबीर

पहिल्यांदाच करतेयस ना? मग कोरेगावकडचा वाघ्या घेवडा आण. दाण्यावर पट्टे असतात, त्यावरून ओळखशील. भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या साताऱ्याचा माल आहे तो.

वाटीभर रात्री भिजत घाल, म्हणजे सकाळी दहा मिनिटांचं काम उरतं. भिजवलेलं पाणी ओतून दे आणि नव्या पाण्यात कुकरला लाव. चार-पाच शिट्ट्यांनंतर एक दाणा चिमटीत दाबून बघ: साल अखंड, पण आतला गर लोण्यासारखा पसरला पाहिजे. यात हयगय नको गं, कच्चट घेवड्याने उलट्या होतात. टोमॅटो कुकरमध्ये मुळीच घालू नकोस. आंबटाने दाणे शिजतच नाहीत. माझा अख्खा कुकर असाच वाया गेला होता.

घेवडा निथळून कोमट असतानाच लिंबू पिळ, तेव्हाच तो आंबटपणा धरतो. मग घट्ट टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, मूठभर दाण्याचं कूट. वरून मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची चुरचुरीत फोडणी. मीठ मात्र पानं घेताना, नाहीतर टोमॅटोला पाणी सुटतं.

सोबत ज्वारीची भाकरी असली की दुसरं कालवण लागत नाही.