नाताळच्या दिवसांत रोजच्या जगण्यातला आनंद आणि कृतज्ञता कशी अनुभवावी?

आपण विचारले आहे की डिसेंबर उजाडला की दुकानांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आनंदीआनंद दिसू लागतो, पण घर, नोकरी आणि प्रवास यांच्या रगाड्यात तो आपल्या वाट्याला येत नाही, तर मग या दिवसांत कृतज्ञ राहावे तरी कसे. मी वसईच्या एका कॅथलिक घरात वाढले आणि आजही तिथूनच लोकलने मुंबईला कामाला जाते, त्यामुळे माझे उत्तर त्याच परिसरातले असेल. आभार कोणाचे आणि नेमके कशाबद्दल, हे सांगता येऊ लागले की आनंदाची निराळी तजवीज फारशी करावी लागत नाही, असे माझे मत आहे. आणि ही सवय लावून घ्यायला नाताळच्या आधीचे दिवस फार सोयीचे असतात.

बाजारातला नाताळ डिसेंबर लागताच सुरू होतो. चर्चच्या पंचांगात मात्र 25 डिसेंबरच्या आधीचे चार रविवार ‘आगमन काळ’ म्हणून पाळले जातात आणि तो काळ वाट पाहण्याचा, काहीसा संयमाचा असतो. वेदीजवळ हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवलेल्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी त्यांतली एकेक अधिक पेटवली जाते. गुलाबी मेणबत्तीचा मान तिसऱ्या रविवारचा. हा आनंदाचा रविवार असून त्याचे नाव संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातील ‘आनंद करा’ या आर्जवावरून पडले आहे. हे पत्र पौलाने तुरुंगातून लिहिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सगळी कामे उरकली, घराला रंग लागला, बोनस हातात पडला की मग आनंद करू, असा हिशेब त्या पत्रात नाही. चर्चनेही आनंदाचा रविवार सणानंतर न ठेवता वाट पाहण्याच्या ऐन मध्यावर ठेवला आहे. तेव्हा अर्धवट कामांच्या ढिगाऱ्यात बसून आपल्याला सणासारखे वाटत नसेल, तर आपले काही चुकते आहे असे मुळीच समजू नये.

आमच्याकडे याच सुमारास गोठा, म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा, बांधायला घेतात. भाताची झोडणी उरकलेली असल्यामुळे पेंढा सहज मिळतो, आणि पसरट ताटलीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरला की थोड्याच दिवसांत जी बोटभर हिरवळ उगवते, तेच मेंढपाळांचे कुरण होते. मरिया, योसेफ, गाय, गाढव असे सगळे आपापल्या जागी येतात, पण बाळ येशूला ठेवायची गव्हाण 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची असते. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्चो या गावी खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून ख्रिस्तजन्माचा सोहळा केला आणि तेव्हापासून ही प्रथा फोफावली. त्या बाळाचा जन्म किती हलाखीत झाला, हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे असा त्यांचा हेतू होता. आजच्या गोठ्यांत कारंजी आणि चिनी दिव्यांच्या माळा इतक्या असतात की गरिबी कुठे शोधायची असा प्रश्न पडतो, पण तो विषय निराळा.

अनेक कॅथलिक घरांत मुलांना या रिकाम्या गव्हाणीवरून एक काम दिले जाते. दिवसभरात कोणासाठी काही चांगले केले असेल, तर संध्याकाळी गव्हाणीत पेंढ्याची एक काडी टाकायची, म्हणजे बाळाचे अंथरूण मऊ होईल. आम्ही यात थोडा बदल केला आहे, कारण स्वतःच्या चांगुलपणाचा हिशेब लावण्यात मुले भलतीच पटाईत असतात आणि मोठी माणसे तर त्याहून. आमच्या घरी काडी टाकायची ती दुसऱ्याने आपल्यासाठी केलेल्या कामाबद्दल, आणि टाकताना त्या माणसाचे नाव घेऊन ते काम मोठ्याने सांगायचे. ‘सगळ्यांचे आभार’ असे म्हटलेले चालत नाही. ‘टँकर आला तेव्हा आई घरी नव्हती, तर शेजारच्या काकूंनी आमची दोन्ही पिंपे भरून ठेवली’ असे सांगितले की काडी मंजूर होते. पहिल्या काही दिवसांत कोणालाच काही सुचत नाही, आणि नंतर काडी कोणी आधी टाकायची यावरून भांडणे होतात. आपण ख्रिस्ती नसाल आणि घरात गोठा नसेल, तरी एक रिकामी बरणी आणि कागदाचे चिटोरे यांवर हे काम भागते.

दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघर. या दिवसांत आमच्याकडे करंज्या होतात, केक होतो आणि कुलकुल होतात. कुलकुलांचे काम मोठे किचकट आहे. मैद्याच्या गोड पिठाची बोराएवढी गोळी काटेचमच्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबून पसरायची आणि कडेने उचलून गुंडाळत आणायची, म्हणजे अंगावर रेघा उमटलेली शंखासारखी वळकटी तयार होते. मग ती तळून साखरेच्या पाकात घोळवायची. एकट्या बाईने किलोभर पिठाचे कुलकुल करायचे म्हटले तर पाठ धरते, म्हणून घरातली सगळी माणसे, आलेगेलेसुद्धा, ताटाभोवती बसतात. कोणाची वळकटी सुटते, कोणाची जाडजूड होते आणि ती तळणीतून कच्चीच निघते. आपल्याला आनंद कुठे सापडेल असे आपण विचारले आहे. माझा अनुभव असा की तो खाण्याच्या वेळेपेक्षा या बैठकीत अधिक सापडतो, कारण हात गुंतलेले असतात, फोन हातात धरता येत नाही आणि एरवी न निघणारे विषय सहज निघतात. तयार झालेले पदार्थ ताटात मांडून, वर भरतकामाचा रुमाल घालून शेजारीपाजारी पोहोचवले जातात, आणि ज्या घरांतून दिवाळीचा फराळ आला होता तिथे तर ते आवर्जून जातात. विकतचे कुलकुल वाटायलाही हरकत नाही, पण ताट स्वतः नेऊन द्यावे आणि दोन मिनिटे तिथे बसावे, एवढे मी नक्की सांगेन.

आता रोजच्या धावपळीबद्दल. संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाअखेरीस आत्मपरीक्षण करण्याची जी पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरी आभार मानण्याची आहे आणि चुका शोधण्याची पायरी त्यानंतर येते. मी हे परतीच्या गाडीत करते. लेडीज डब्यात डिसेंबरमध्ये मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका असतात. जागा मिळाली तर मीही शेंगा हातात घेते आणि सकाळपासूनचा दिवस मनातल्या मनात क्रमाने उलगडत जाते. कोणी बसायला जागा दिली, कोणी माझे काम न सांगता पुढे नेले, असे एखाददुसरे निघतेच. काही दिवशी काहीच निघत नाही, आणि तेव्हा मी ओढूनताणून शोधत नाही.

ओढाताण न करण्याला संशोधनाचाही आधार आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य एकंदरीत अधिक बरे वाटल्याचे आढळले. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की आठवड्यातून एकदा अशी यादी करणाऱ्यांना लाभ झाला, पण तीनदा करणाऱ्यांना तसा झाला नाही. रोज दहा गोष्टी लिहाच, असा आग्रह धरणाऱ्या छापील वह्या मला म्हणूनच पटत नाहीत. चौथ्या दिवसापासून त्यांत ‘सूर्यप्रकाश, चहा, कुटुंब’ एवढेच उतरू लागते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. या वर्षी घरातले कोणी गेले असेल, तर आनंदी राहण्याची सक्ती स्वतःवर करू नये आणि दुसऱ्यावर तर अजिबात नको. आमच्याकडे अशा घरांत सण साधेपणाने करतात, मृताच्या नावाने मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतात आणि शेजारी त्या घरी आपले ताट पोहोचवतात. त्याचप्रमाणे, जिथे आपल्यावर अन्याय होत असेल तिथे ‘जे मिळते त्यात समाधान माना’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. थकलेला पगार मागणे आणि कृतज्ञ असणे यांत काहीही विरोध नाही.

शेवटची सूचना अशी की एका माणसाला पत्र लिहावे, मग ते जुने शिक्षक असोत, आजारपणात धावून आलेली परिचारिका असो किंवा पहिल्या नोकरीत सांभाळून घेतलेले वरिष्ठ असोत. त्यांनी काय केले आणि त्यामुळे आपले पुढे काय झाले, एवढेच लिहावे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की पत्र लिहिणाऱ्याला वाटते त्यापेक्षा समोरच्याला अधिक सुखद धक्का बसतो आणि लिहिणाऱ्याला वाटतो तितका अवघडलेपणा समोरच्याला वाटत नाही, त्यामुळे भाषा साधली नाही म्हणून अडून राहू नये. 25 तारखेच्या आत ते पोहोचले नाही तरी बिघडत नाही, कारण चर्चच्या पंचांगाप्रमाणे नाताळचा काळ त्या दिवशी सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो.