शॉप ॲक्टची पावती आहे, तरी सोसायटी अडवते

प्रश्न : दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी ब्लाउज शिवते. शॉप ॲक्टची पावती आहे. आता मदतीला दोघी जणी ठेवायच्या, दोन मशीन वाढवायची आणि गॅलरीत बोर्ड लावायचा विचार आहे. सेक्रेटरी नको म्हणतात. ते अडवू शकतात का?

उत्तर : हो. या पावतीवर लोक उगाच विसंबतात. २०१७च्या शॉप ॲक्टनुसार कामगार थोडेच असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते; पावती ही तिची पोच. जागा त्या कामासाठी वापरता येते की नाही, हे विकास नियंत्रण नियमावली ठरवते. राज्यात बहुतेक ठिकाणी २०२०ची एकत्रिकृत नियमावली चालते, मुंबई महापालिकेची वेगळी आहे.

एकत्रिकृत नियमावलीत राहत्या घरातला व्यवसाय मान्य आहे, पण अटी कडक आहेत. काम घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनीच करायचं, पगारी माणूस चालत नाही. इथे धंदा आहे असं बाहेरून दिसता कामा नये. तिथेच तयार झालेला माल विकायचा. घाऊक बाजारातून परकर आणून विकायला ठेवलेत की तुम्ही अटीबाहेर गेलात. बरेच जण नेमके इथेच अडकतात.

मोटर वापरली तर विजेचा एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या, म्हणजे ७५० वॅटच्या आत हवा. मशीनच्या मोटरवरची पाटी वाचा. घरगुती मशीनची मोटर साधारण शंभर वॅटची, त्यामुळे तीन-चार सहज बसतात. कारखान्यात असते त्या क्लच मोटरवर अर्धा एचपी लिहिलेलं असेल तर ती ३७३ वॅटची. दोन जोडल्या की ७४६. तिसरीला जागाच उरत नाही.

म्हणजे आजचं काम नियमात बसतं, बोर्ड आणि पगारी मदतनीस बसत नाहीत. हातशिलाई, हूक लावणं ही कामं त्या दोघींना नगावर त्यांच्या घरी न्यायला द्या.

सोसायटीचा मुद्दा निराळा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट ठरलेल्या कारणाखेरीज वापरायचा तर समितीची पूर्वपरवानगी लागते. अर्जात काम, मशीनची संख्या, गिऱ्हाइकांची वेळ लिहा आणि प्रतीवर पोच घ्या. मशीनखाली जाड रबरी मॅट घालणार, हेही लिहा. खालच्या घरात घरघर गेली की नियम न वाचलेलाही तक्रार करतो!

प्रश्न : विजेचं मीटर व्यावसायिक करावं लागेल का?

उत्तर : लगेच नाही. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय असला आणि वापर महिन्याला ३०० युनिट व मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असला, तर महावितरण घरगुती दरच लावतं. ही तपासणी वर्षअखेरीला होते, म्हणून बारा महिन्यांची बिलं काढून बेरीज करा. त्यात घरचा गिझर आणि एसीही मोजला जातो.