मोबाइल काढून घेण्याआधी

‘मॅडम, मुलाचा मोबाइल काढून घेऊ का?’ दापोली-गुहागर भागातल्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो. नवरा मुंबईला, घरात सासू आणि शाळेतली पोरं, आणि मोबाइलमधलं आईपेक्षा पोरांनाच जास्त कळतं. काळजी रास्त आहे. तरी माझं उत्तर बहुतेकदा ‘आत्ता नको’ असंच असतं. का, ते नववीतल्या एका मुलाच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईला सुगावा लागला पैशांवरून. तिच्या फोनवरून अनोळखी नावाच्या खात्यावर रकमा गेल्या होत्या. आधी १ रुपया, मग ५००, मग १,२००. विचारलं तर मुलगा गप्प. रेंजसाठी रोज संध्याकाळी सड्यावर जायचा, तेही बंद झालं होतं. ताट पुढ्यात घेऊन नुसता भात चिवडत बसायचा. ‘फोन चुलीत घालते मी,’ आई म्हणाली.

तिला थोडा वेळ बाहेर बसवून मी मुलाशी बोलले. इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावाने मेसेज रिक्वेस्ट आली होती. त्याच्या शाळेतली काही मुलं तिच्या यादीत आधीच होती, म्हणून त्याने ती स्वीकारली. गप्पा झाल्या, मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल. समोरच्याने तो कॉल, त्यातल्या नको त्या दृश्यांसकट, रेकॉर्ड केला. लगेच त्याला त्याच्याच फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आला. त्यात मावसभाऊ, वर्गातली मुलं, वाडीतले दादा, शाळेतले एक सर. ‘दहा मिनिटांत पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.’ पैसे गेले की मागणी वाढायची. अख्खी वाडी एकमेकांच्या नात्यातली, तिथे त्या यादीची धास्ती काय असते हे मला वेगळं सांगायला नको.

जीव द्यावासा वाटला का, हे मी त्याला सरळ विचारलं. हे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट मुलं मोकळी होतात. ‘एकदा वाटलं,’ तो म्हणाला. त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही, हे आईला आधी सांगितलं. वेळीअवेळी बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दिला.

मग विचारलं, ‘आईला का नाही सांगितलंस?’

‘मोबाइल काढून घेतला असता. आणि बाबांना सांगितलं असतं.’

ब्लॅकमेल करणाऱ्याची सगळी भिस्त या भीतीवर असते. घरात बोललं की शिक्षा होणार, हे मुलाने गृहीत धरलं की तो एकटा पडतो आणि पैसे देत राहतो. म्हणून आईला आत बोलावून त्याच्यासमोर एवढंच म्हणायला लावलं, ‘तू सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही. चूक त्या माणसाची आहे.’ तिला ते जड गेलं, पण ती म्हणाली. मुलगा तेव्हा कुठे रडला.

पुढची कामं भराभर केली. आणखी एक पैसाही द्यायचा नाही. चॅट पुसायचं नाही. प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मगच ब्लॉक करायचं. पैसे गेलेत म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला. व्हिडिओ मात्र बाबांना किंवा मामाला ‘दाखवायला’ म्हणूनही पुढे पाठवायचा नाही. मुलांचं असं लैंगिक चित्रण पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७बखाली गुन्हा आहे.

‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत व्हिडिओचा डिजिटल ठसा आपल्याच फोनवर तयार होतो, व्हिडिओ कुठे जात नाही. त्या ठशावरून सेवेत सामील असलेल्या कंपन्या तो आपल्याकडे शोधून काढू शकतात. व्हॉट्सअॅपच्या खासगी चॅटमध्ये हा उपाय चालत नाही. तिथूनच व्हिडिओ एका मावसभावाकडे गेलाही. त्याने पुसून टाकला आणि या मुलाला फोन करून ‘घाबरू नको’ म्हणाला.

‘पोलिसांत गेलो तर बदनामी,’ ही आईची पुढची भीती. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२चा पोक्सो कायदा मुलग्यांनाही लागू आहे. पोलिसांना कळवणं माझ्यावरही बंधनकारक होतं, ते मी तिला आधीच स्पष्ट सांगितलं. मुलाचा जबाब घरीही घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा लागतो, आणि मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. हे ऐकल्यावर ती तयार झाली.

बाबांना फोनवर आईने सांगितलं, माझ्यासमोर. आधी चिडले. मग मुलाशी बोलायला मागितलं.

फोनकडे आम्ही सगळ्यांत शेवटी वळलो. खातं उघडताना त्याने जन्मसाल खोटं टाकलं होतं, त्यामुळे अठरा वर्षांखालच्या मुलांचं खातं इन्स्टाग्राम आपोआप खासगी ठेवतं, ते संरक्षण त्याला मिळालंच नव्हतं. साल दुरुस्त केलं, खातं खासगी केलं. तेव्हापासून बाहेरच्याला फॉलोअर्सची यादी दिसत नाही. रात्री सगळ्यांचे फोन माजघरात चार्जिंगला लागतात, आईचाही. ही अट मुलानेच घातली.