मशीन बसवलं, तरी दम का लागतो?

यावल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 61, केळीवालं घर. गेल्या थंडीत मळ्यात भरिताचा बेत होता, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजता भाजता चक्कर येऊन पडल्या, ईसीजीत हार्ट ब्लॉक (म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा) निघाला आणि जळगावला पेसमेकर बसला. त्याला आता 7 महिने झाले. पडणं थांबलं, पण जिना चढला की दम लागतो, दुपारी खाटेवरून उठलं की डोळ्यापुढे अंधारी, गळ्यात ठोके उडतात, डावा हात वर जात नाही, रात्री झोप नाही. घरात मात्र एकच पालुपद, नवं मशीन आहे, आता काय झालं? नाना म्हणतात 2 लाख घातले. आणि पत्राच्या शेवटी ताईंनी विचारलंय, "अक्का, मी नाटक करते का हो?"

नाही हो ताई. अजिबात नाही.

सुट्टी देताना तुम्हाला कोणीतरी "आता एकदम फिट" म्हणालं ना, त्या वाक्याचा मला फार राग येतो, कारण तेच वाक्य धरून घरचे बसतात. पेसमेकरचं काम एकच, हृदयाचे ठोके ठरलेल्या आकड्याखाली जायला लागले की विजेचा बारीक धक्का देऊन ठोका पाडायचा, बास. मळ्यातल्या मोटरीला नवा स्टार्टर बसवला म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही की फुटका पाईप सांधला जात नाही, नानांना हे असं सांगा, लगेच समजेल. बीपी, रक्त कमी असणं, थायरॉईड, शुगर, हे सगळं आपापल्या जागी तसंच राहतं आणि त्यानेही दम लागतो, थकवा येतो.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला जास्त टोचली. टाके बघायला गेलात त्यानंतर मशीनचं चेकिंग केलेलंच नाही, जळगावला जायचं म्हणजे कोणाचा तरी दिवस मोडतो म्हणून. ताई, बसवल्यावर दोन-तीन महिन्यांच्या आत एक चेकिंग व्हायलाच हवं होतं आणि नंतरही सहा महिन्यांनी, वर्षाने करत राहायचं असतं. बसवताना जे सेटिंग ठेवतात ते सगळ्यांना चालेल अशा बेताने ठेवलेलं असतं, तुमच्या अंगाला काय मानवतं ते नंतरच कळतं. दुखत-खुपत काही नाही, छातीवर कपड्यावरूनच हाताच्या पंजाएवढी एक चकती ठेवतात, शेजारी लॅपटॉपसारखं मशीन असतं, त्यावर बॅटरी किती वर्षं जाईल, किती टक्के ठोके तुमचे स्वतःचे आणि किती मशीनचे, मध्ये कधी ठोके बिघडले होते का, सगळं निघतं. अर्ध्या तासाच्या आतलं काम. बऱ्याच ठिकाणी हे करणारा माणूस ठरावीक वारीच येतो, म्हणून आधी फोन करून दिवस विचारा, नाहीतर यावल ते जळगाव हेलपाटा व्हायचा.

तिथे गेल्यावर गप्प बसून येऊ नका. पहिलं विचारा, मशीनपासून हृदयात गेलेली माझी वायर एक आहे की दोन? एकच वायर हृदयाच्या खालच्या कप्प्यात असेल तर कधी कधी वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांचा मेळ बसत नाही, दोघं एकदमच आवळतात, आणि मग रक्त उलटं मानेकडे ढकललं जातं, गळ्यात ठोके, दम, थकवा, गरगरणं, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच. याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. तुम्हाला तेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण गळ्यातल्या ठोक्यांचं डॉक्टरांना मुद्दाम सांगा, हे बायका सांगतच नाहीत, धडधड म्हणून सोडून देतात. कधी सेटिंग बदलून भागतं, कधी दुसरी वायर टाकावी लागते. दुसरं विचारा, रेट रिस्पॉन्स चालू आहे का? म्हणजे आपण चालायला, चढायला लागलो की मशीनने ते ओळखून ठोके वाढवायचे. ज्यांना ते लागतं त्यांचं बंद राहिलं तर माणूस जिना चढत असतो आणि ठोके साठावरच, मग दम लागणारच ना. आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची का तेही विचारा, कारण बहुतेक सगळे ठोके मशीनचेच असतील तर काही जणांच्या हृदयाचं पंपिंग हळूहळू कमी होतं, ते वेळेवर दिसलं तर उपाय आहे.

उठल्यावर अंधारी येते त्याचं कारण मशीनबाहेरही असू शकतं. बीपीची गोळी वाढवलीय का बघा. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असं दोन्ही बीपी मोजून घ्या, हे गावातल्या डॉक्टरांकडेही होतं. आपल्याकडचा मे महिना तर माहितीये, अंगातलं पाणी आटतं आणि बाई माणूस दिवसभर तांब्याला हात लावत नाही. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी12 तपासून टाका. गोळ्या मनाने बंद करू नका मात्र.

आता खांदा. तुम्ही लिहिलंय की सून वेणी घालून देते आणि यंदा कानबाईच्या सणाला मांडे (आपल्या मोठ्या पुरणपोळ्या) जमणार नाहीत म्हणून रडू येतं. ताई, हात वर करायचा नाही, वजन उचलायचं नाही हे वायर धरेपर्यंत असतं, साधारण चार ते सहा आठवडे. तुम्ही सात महिने हात पोटाशी धरून बसलात, खांदा आखडणार नाही तर काय होणार! चेकिंगला वायर जागेवर आहे म्हणाले की फिजिओथेरपीवाल्याकडे जा. भिंतीवर बोटं चालवत हात थोडा थोडा वर न्यायचा, रोज. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर उलटसुलट खेळवत परातीएवढा करायचा म्हणजे खांदा मोकळा लागतो, तो एवढ्या दिवसांत होईल असं मी म्हणत नाही, यंदा खापरासमोर सुनेला बसवा आणि तुम्ही पुरण बघा, चुका काढायला तुम्ही आहातच.

डाव्या कुशीवर झोपायची भीती सोडा, जखम भरलीय, दाबून मशीन बंद पडत नाही. मिक्सर बिनधास्त वापरा. इंडक्शनच्या शेगडीपासून मात्र दोन फूट लांब रहा आणि वेल्डिंग चालू असेल तिथे उभं राहू नका. मोबाईल उजव्या कानाला, आणि ब्लाऊजमध्ये खुपसायची सवय आहे ना आपल्या सगळ्यांची, ती बंद.

पुन्हा शुद्ध हरपली, जखमेची जागा लाल झाली किंवा सुजली, ताप आला, पाय सुजले, आडवं पडलं की जीव घाबरा व्हायला लागला किंवा उचकीसारखं पोटात सारखं उडायला लागलं, तर चेकिंगची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी निघा.

"बसवलंच नसतं तर बरं झालं असतं" हे जे लिहिलंय ते डॉक्टरांसमोर तसंच्या तसं बोला. मशीन बसल्यावर भीती, रडू, झोप उडणं हे पुष्कळांना होतं, त्यालाही औषध आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि चेकिंगला मुलाला सोबत घेऊन आत न्या, बाहेर गाडीत बसवू नका. स्क्रीनवरचे आकडे त्याने बघितले आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातलं "आता काय झालं" निम्मं तरी कमी होईल. नानांचे 2 लाख फुकट गेले नाहीत, ते मळ्यात पडला होतात तशी दुसरी वेळ आली नाही यात वसूल झालेत, आता तपासणीच्या खर्चाला कचरू नका म्हणावं.

गुडघ्याचंही विचारलंय. एमआरआय सांगितला असेल तर आधी पेसमेकरचं कार्ड दाखवा. नवी मशीनं बरीचशी एमआरआयला चालतात पण वायरीसकट बघून ठरवतात आणि त्या वेळेपुरतं सेटिंग बदलून ठेवावं लागतं. पण गुडघा थांबेल कानबाई होईपर्यंत. आधी चेकिंगचा दिवस विचारायला फोन लावा, उद्याच.

— अक्का