मीटिंगला कुणी ओळखीचं भेटलं तर?

दारू सोडायला राजी झालेला माणूस, दारू सोडणाऱ्यांच्या एए गटाच्या मीटिंगचं नाव काढलं की अडतो, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर? तालुक्याच्या गावातल्या एका मास्तरांची हकीकत त्यासाठीच लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यांना नुसतं सर म्हणू.

सकाळी उठल्यावर सरांचे हात इतके थरथरायचे की खडू धरवत नसे. मग शाळेत जायच्या आधीच थोडी घ्यायची. आदल्या वर्षी गणपतीत त्यांनी मनावर घेऊन एकदम बंद केली आणि तिसऱ्या दिवशी आरतीत उभे असतानाच फिट आली. रोज पिणाऱ्याच्या बाबतीत हे होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट, भास, बरळणं, कधी जिवावरही बेतणं. म्हणून मी मीटिंगचा विषय लांबच ठेवला आणि आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही दिवस दाखल राहून, औषधं सुरू होऊन ते परत आले तेव्हा मी एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसबद्दल बोलले.

"मॅडम, गोळ्या घेतो, तुमच्याकडे येतो, सासूबाई म्हणतात तशी माळसुद्धा घालतो. पण तिथं नको. एखादा पालक भेटला तर शाळेत तोंड कसं दाखवू?"

"परमिट रूममधून बाहेर पडताना पालक भेटत नव्हते वाटतं!" बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, फणकारल्या.

त्यांचं खोटं नव्हतं. पण या मुद्द्यानं कुणी मीटिंगला गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. लाज वाढली की पाय गुत्त्याकडेच लवकर वळतात. (माळेला माझा विरोध नाही. पांडुरंगाच्या भरवशावर सुटलेले मला माहीत आहेत. पण संध्याकाळी सातला तलफ आली की फोन उचलणारं कुणी लागतं.)

मी सरांना तिथलं कामकाज सांगितलं. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलून पिण्यावाचून राहू लागले, त्यातून हे सुरू झालं. भारतात 1957 पासून आहे. हजेरीपट नाही, फी नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. खर्च सभासदच आपसांत भागवतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. आडनाव कुणी विचारत नाही, आणि आत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा दंडक. आणि पालक भेटलाच, तर तो तिथं कशाला आला असेल?

यावर सर पहिल्यांदा हसले, पण तयार झाले नाहीत. मग जिल्ह्याच्या गावचा गट धरायचं ठरलं. एसटीनं तासाभराचं अंतर, ओळखीचं कुणी भेटायची शक्यता कमी. घराजवळच जायला हवं असं कुठं आहे? फोन माझ्या टेबलावरूनच लावला. पलीकडच्या माणसानं नाव विचारलं नाही. "आज घेतलीय का?" "नाही." "बरं झालं. घेतली असती तरी या म्हटलं असतं. स्टँडवर उतरलात की फोन करा, न्यायला येतो."

बाईंना सोबत जायचं होतं, म्हणून मी खुली मीटिंग आहे का ते विचारून घेतलं. बंद मीटिंगला फक्त पिण्याची अडचण असलेलेच बसतात. खुल्या मीटिंगला घरचेही चालतात.

मीटिंग नगरपालिकेच्या शाळेत, चौथीच्या वर्गात होती. सरांनी नंतर रंगवून सांगितलं. गुडघे बाकात मावेनात. फळ्यावरच्या सुविचारात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका, त्या मीटिंग सुरू व्हायच्या आधीच पुसून सरांनी दुरुस्त केल्या. एकेकानं उठून आपलं सांगितलं. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी सल्ला दिला नाही. पाळी आल्यावर सर म्हणाले, "मी आज फक्त ऐकतो." चाललं. शेवटी चहा.

आणि काही आठवड्यांनी पालक भेटलाच! सातवीतल्या मुलीचे वडील. "या सर," म्हणून बाकावर सरकून त्यांनी जागा केली. आता परतीची एसटी दोघं एकत्रच धरतात. गावच्या बाजारात मात्र नुसती मान हलवतात.

मध्ये एका लग्नात सर घसरले, पुन्हा प्यायले. तोंड दाखवायची लाज वाटून दोन मीटिंगा चुकवल्या, तेव्हा त्या मुलीच्या वडिलांनीच फोन करून बोलावलं. तिथं घसरून परत येणं नवलाचं नाही.

बाईंना मी अल-अ‍ॅनॉन सुचवलं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा हा वेगळा मेळावा, 1951 पासूनचा. "पितात ते, आणि मी कशाला जाऊ?" असं म्हणून त्या बरेच दिवस गेल्या नाहीत. आता जातात. बाटल्या शोधून ओतून देणं थांबलंय.

तुम्हाला गट शोधायचा असेल तर 14446 या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं; मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही गटांची माहिती असते. फोनवर वेळ, जागा आणि मीटिंग खुली की बंद एवढं विचारा, आणि त्याच दिवशी चालू आहे ना याची खात्री करा. जागा बदलत असतात. एक गट मानवला नाही तर दुसरा बघा. बाहेर पडणं जमतच नसेल तर ऑनलाइन मीटिंगाही होतात, कॅमेरा बंद ठेवून बसता येतं.