हंगाम संपल्यावरची कामं : कार्टिंगवरचे वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे, रोटॅक्स ज्युनियर मॅक्स (ज्युनियर गटाचं रोटॅक्स इंजिन असलेली रेसिंग कार्ट) चालवतो. शेवटची रेस झाल्यापासून कार्ट झाकून ठेवली आहे. पुढच्या हंगामाला तीन महिने आहेत. कार्ट कितपत उघडावी? शेवटच्या दोन रेसमध्ये तो म्हणत होता की गाडी डावीकडे छान वळते, उजवीकडे वळत नाही. आम्ही ते टायरवर ढकललं.
– एक पालक, कोल्हापूर

मुलाचं म्हणणं खरं धरा. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अॅक्सलवर असल्यामुळे वळणात आतलं मागचं चाक क्षणभर हलकं व्हावं लागतं, उचललं जावं लागतं, नाहीतर गाडी सरळ ढकलत राहते. हे उचलणं होतं ते चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नळ्या पिळल्या जाऊन. एका बाजूला नीट आणि दुसऱ्या बाजूला नाही, याचा पहिला संशय वाकलेल्या चासीवर, दुसरा वाकलेल्या स्टब अॅक्सलवर (पुढच्या चाकाच्या छोट्या अॅक्सलवर) आणि तिसरा सीटवर घ्यायचा. टायरचा नंबर त्यानंतर येतो.

म्हणून कार्ट पूर्ण उघडा, नुसता सांगाडा उरेपर्यंत. पण पहिला पाना लावण्याआधी सीटची मापं लिहून घ्या : सीटच्या वरच्या कडेपासून अॅक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी, सीटच्या पुढच्या कडेपासून पुढच्या आडव्या नळीपर्यंत, आणि सीटचा तळ चासीच्या खालच्या पातळीपासून किती वर किंवा खाली आहे ते. पाच मिलिमीटरचा फरकही गाडीला कळतो. मापं न घेता सीट काढली तर नव्या हंगामातले पहिले दोन सराव जुनी गाडी शोधण्यात जातात.

धुताना प्रेशर वॉशरचा झोत बेअरिंगवर आणि वायरिंगवर मारू नका. केरोसीन, ब्रश आणि फडकं पुरे. मग उजेडात वेल्डिंग पाहा, विशेषतः सीटचे आधार, स्टब अॅक्सलचे सी-ब्रॅकेट, मागच्या बेअरिंगची घरं आणि ब्रेक कॅलिपरची जागा. रंगात केसासारखी रेघ दिसली किंवा रेघेतून गंज डोकावला तर तिथे तडा आहे असं समजूनच कार्ट वर्कशॉपला न्या. उलटी करून खालच्या नळ्याही बघा. ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर घासून त्या चपट्या होतात आणि तिथे जाडी कमी झालेली असते. चासी सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, ती जिगवरच (चासी मोजण्याच्या पक्क्या साच्यावर) तपासावी लागते. थोडी वाकलेली चासी सरळ करता येते, पण तीच चासी पुन्हा पुन्हा सरळ केली तर नळ्यांचा ताठपणा जातो. मग सेटिंग कितीही बदला, हाती काही लागत नाही.

सीट परत बसवताना होणारी चूक फार नुकसान करते आणि सहसा लक्षात येत नाही. आधार आणि सीट यांच्यात फट राहिली की बोल्ट आवळून ती मिटवली जाते. त्यामुळे सीट चासीला एका बाजूला कायम ओढून धरते. फट असेल तिथे वॉशर भरा. बोल्ट हाताने सहज आत गेला पाहिजे. तेराव्या वर्षी मुलं भराभर वाढतात, त्यामुळे जुन्या सीटमध्ये बरगड्या दाबल्या जात असतील तर सीट याच काळात बदला.

अॅक्सल बेअरिंगमध्ये ठेवून हाताने फिरवा आणि टोकाकडे पाहा. टोक लडखडत असेल तर अॅक्सल वाकलेला आहे. बेअरिंगच्या घरांचे बोल्ट सैल करून अॅक्सल फिरवत फिरवत ते पुन्हा आवळा, म्हणजे बेअरिंग एका रेषेत बसतात. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

ब्रेक ऑइल दर हंगामाला पूर्ण बदलायचं. ते हवेतला ओलावा शोषतं, उकळण्याचं तापमान उतरतं आणि रेसच्या उत्तरार्धात पेडल मऊ पडतं. तुमच्या कॅलिपरला डॉट ऑइल चालतं की मिनरल, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत बघूनच भरा. चुकीच्या ऑइलने आतली रबरी सील फुगतात.

इंजिनाला मात्र घरी हात लावू नका. रोटॅक्सची रेसची इंजिनं सीलबंद असतात आणि ती अधिकृत सर्व्हिस सेंटरनेच उघडायची असतात. किती तास चाललंय ते नोंदवहीत बघा, आणि ओव्हरहॉलची वेळ जवळ आली असेल तर इंजिन आत्ताच पाठवा. हंगामाच्या तोंडावर सगळ्यांचीच इंजिनं तिथे रांगेत असतात. शिवाय नवा पिस्टन बसला की रनिंग-इनसाठी (नवा भाग हळूहळू रुळवण्यासाठी) एक सराव राखून ठेवावा लागतो.

इंजिन घरीच राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरचा फ्लोट बाऊल (पेट्रोल साठणारी छोटी वाटी) रिकामा करा. आपल्याकडच्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि महिनाभरात बाऊलमध्ये पांढरा थर साचून पायलट जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) बुजतो. मग ‘इंजिन खालच्या आरपीएमला अडखळतं’ अशी तक्रार सुरू होते. प्लग काढून टू-स्ट्रोक ऑइलचा एक छोटा चमचा आत सोडा, इंजिन हाताने फिरवा, प्लग परत लावा. रेडिएटरमधलं पाणी काढून टाका. इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा घाला आणि स्टिअरिंगला त्याची ठळक चिठ्ठी बांधा. बॅटरी सोडवून महिन्यातून एकदा चार्ज करा.

प्रश्न : मी चौदा वर्षांचा आहे. शेवटच्या पाच लॅप्समध्ये मान एका बाजूला पडते आणि हात दगडासारखे होतात. जिममध्ये मानेला वजन बांधून व्यायाम करू का? वजनही वाढतंय, कमी जेवू का?
– एक ड्रायव्हर, नाशिक

वजन बांधू नकोस. तुझी हाडं अजून वाढताहेत. तळहात कपाळावर, डोक्यामागे आणि दोन्ही कानांवर आळीपाळीने ठेवून दाब दे, डोकं हलू द्यायचं नाही. प्रत्येक दिशेला दहा सेकंद, पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस. महिनाभराने त्याच दिशांना हलका रबर बँड वापर. पुढचं सगळं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली.

हात दगड होण्याचं मुख्य कारण बहुतेकदा ताकद नसते, पकड असते. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग घट्ट धरलं की हाताच्या स्नायूंना रक्त पुरत नाही. प्रत्येक सरळ टप्प्यावर मुद्दाम बोटं सैल करायची सवय लाव. ताकदीसाठी दोरीचा मल्लखांब तुझ्या शहरात शिकायला मिळत असेल तर जरूर कर. पकड, खांदे आणि पोट तिन्ही एकत्र तयार करणारे इतके चांगले व्यायाम थोडेच आहेत. दमसासासाठी पोहणं किंवा सायकल. हंगामाआधीचे शेवटचे दोन आठवडे थोडा व्यायाम उन्हात कर. अंगाला उष्णतेची सवय व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो.

जेवण कमी करायचं नाही. किमान वजन ड्रायव्हर आणि कार्ट मिळून मोजतात. तू कमी पडत असशील तर सीटला शिशाच्या पट्ट्या लागतात. त्या मोठे वॉशर आणि लॉकनट लावूनच बसवायच्या, टेप कधीच नाही. तू जास्त भरत असशील तर वरच्या वर्गाचा विचार कर. वाढीच्या वयात उपाशी राहून वाचवलेले दोन किलो शेवटच्या पाच लॅप्समध्ये दुप्पट महाग पडतात. बरगडी दुखत असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगेपर्यंत कार्टमध्ये बसायचंच नाही.

प्रश्न : मुलीची दहावी आहे. सरावासाठी पुण्याहून बंगळूरला जावं लागतं. सिम्युलेटर घेतला तर सराव भरून निघेल का?
– एक पालक, पुणे

कार्टिंगचा सराव त्याने भरून निघणार नाही. चासी पिळणं आणि सीटमधून अंगाला कळणारी घसरण घरच्या सिम्युलेटरमध्ये येत नाही. ब्रेक कुठे दाबायचा, नजर कुठे ठेवायची आणि सलग वीस मिनिटं एकाग्र कसं राहायचं, एवढं तो चांगला शिकवतो. खर्च स्क्रीनवर नको, पेडलवर करा. ब्रेक लोड-सेलचा हवा, म्हणजे पाय अंतर मोजत नाही, जोर मोजतो. खुर्ची जमिनीला घट्ट हवी. आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं पुरे. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात तेही बंद केलं तरी काही बिघडत नाही.

ट्रॅकवर महिन्यातून एकदाच गेलात तरी चालेल, पण जायचं ते एकच प्रश्न घेऊन. सकाळी मूळ सेटिंगवर आठ-दहा लॅप्स. मग एकच बदल, समजा मागची रुंदी दहा मिलिमीटरने कमी, आणि तितक्याच लॅप्स. मग परत मूळ सेटिंग. ही तिसरी फेरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. दिवसभर ट्रॅकवर रबर साचत जातं, वेळ आपोआप सुधारते, आणि श्रेय बदलाला मिळतं. टायर एकाच संचाचे वापरा आणि थंड असतानाची हवा दर वेळी लिहा. मायक्रॉनचा (स्टिअरिंगवरच्या लॅपची वेळ नोंदवणाऱ्या यंत्राचा) डेटा त्याच रात्री बघा, दोन दिवसांनी मुलीला वळणात नेमकं काय जाणवलं ते आठवत नाही.

प्रश्न : मुलगा पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण करेल. जानेवारी-फेब्रुवारीत आखातात फॉर्म्युला फोरच्या रेस होतात. थेट तिकडे पाठवावं का?
– एक पालक, ठाणे

आधी टेस्ट, मग रेस. पंधरा हे फॉर्म्युला फोरचं किमान वय आहे, त्याच वाढदिवसाला उडी मारलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. आखातातल्या त्या मालिकांत युरोपचा हंगाम सुरू होण्याआधी हात गरम करायला आलेले ड्रायव्हर असतात आणि त्यातल्या अनेकांच्या गाठीशी भरपूर टेस्टिंग असतं. तिथे पहिल्यांदाच गाडीत बसलेला मुलगा मागे राहतो, आणि तो का मागे राहिला हे सांगायला कुणाला वेळ नसतो.

सगळ्यात मोठा फरक ब्रेकचा. त्याच्या कार्टमध्ये ब्रेक फक्त मागे होता. इथे चारही चाकांना आहे, एबीएस नाही, आणि पहिला दाब सगळ्या पायाचा जोर लावून द्यावा लागतो. वेग उतरेल तसा गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर कमी होतो, म्हणून पायही हळूहळू सोडत न्यावा लागतो. कार्टमधून आलेली मुलं सुरुवातीला कमी दाबतात आणि शेवटी पाय उशिरा उचलतात, त्यामुळे पुढची चाकं लॉक होतात. भारतातच एलजीबी फॉर्म्युला फोरची गाडी (आखातातल्या फॉर्म्युला फोरहून वेगळी, साधी) हा त्यामानाने स्वस्त मधला टप्पा आहे. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गिअर, वजनाची हालचाल आणि गर्दीतली स्टार्ट शिकून होते.

टेस्टचे पैसे भरण्याआधी संघाकडून लेखी घ्या : नवे टायर किती संच, किती लॅप्स, डेटा घरी मिळणार का, इंजिनिअर दिवसभर असणार की नाही, आणि गाडी आदळली तर बिल कुठपर्यंत तुमचं. शेवटचं कलम बहुतेक पालक वाचत नाहीत आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. परदेशात रेस करायची तर एफएमएससीआयची (भारतातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेची) परवानगी लागते, तिचा अर्ज व्हिसाच्या बरोबरीनेच करा.

प्रश्न : कार्टिंगचं हेल्मेट आणि सूट फॉर्म्युला कारला चालतात का?
– एक वाचक, पणजी

नाही. कार्टिंगचा सूट रस्त्यावर अंग घासण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही. फॉर्म्युला कारला एफआयए (जागतिक मोटरस्पोर्ट संस्था) ८८५६ मानकाचा अग्निरोधक सूट, आतले कपडे आणि मानेसाठी हॅन्स (आदळल्यावर डोकं झटक्याने पुढे जाऊ न देणारा आधार) लागतो. हेल्मेटला हॅन्सचे अँकर बसवण्याची सोय असावी लागते. लहान मुलांसाठीचं सीएमआर हेल्मेट हलकं असतं, कार्टसाठी तेच योग्य आहे. एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल एकदाच दबतो.